खाली सही कुणाची?

माझ्या दुकानाच्या पाटीवर झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो, सातबारा, सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म असं बरंच काही रंगवलेलं आहे. ‘खरं-खोटं बघून मिळेल’ असं कुठेच लिहिलेलं नाही, तरी दिवसाचा बराच वेळ त्यातच जातो. लोधिवली जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर, चौकच्या अलीकडे. इथे पाताळगंगेच्या कारखान्यांत कामाला जाणारी पोरं येतात, अंबानी हॉस्पिटलात पेशंट ठेवून कागदपत्रांसाठी धावणारे नातेवाईक येतात, डोंगराकडच्या ठाकूरवाड्यांतली माणसं येतात, आणि शनिवार-रविवारी जमीन बघायला निघालेले मुंबईकर. बोलण्याची तऱ्हा प्रत्येकाची वेगळी, पण वाक्य एकच : “ताई, जरा गुगलला बघा ना.”

दुकान टाकलं तेव्हा या वाक्याचा अर्थ ‘शोधून द्या’ असा होता. निकाल, बसचं वेळापत्रक, भरतीची जाहिरात. मग फोन आणि नेट स्वस्त झालं, आणि मला वाटलं, आता आपल्याकडे फक्त झेरॉक्सला लोक येतील. झालं उलटंच. आता लोक उत्तर घेऊनच येतात. फोन काउंटरवर ठेवतात आणि विचारतात, “हे आलंय. खरं का?” शोधणं सोपं झालं तसं ठरवणं अवघड झालं, आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं. त्याची फी काय लावायची हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

सगळ्यात जास्त गर्दी मी पाहिली ती जुलै 2024 मध्ये, ‘माझी लाडकी बहीण’ योजनेच्या वेळी. पहिला शासन निर्णय निघाला 28 जून 2024 ला. त्यात वय 21 ते 60, अर्जाची मुदत 15 जुलै आणि पाच एकरांहून जास्त शेती असलेल्या कुटुंबाला लाभ नाही, अशा अटी होत्या. आठवडाभरात त्या बदलल्या : वय 65 पर्यंत, मुदत 31 ऑगस्ट आणि शेतीची अट रद्द. पण नेटवर जुनी पानं तशीच राहिली. बासष्ट वर्षांच्या एक मावशी रडवेल्या होऊन आल्या. त्यांच्या नातवानं फोनवर शोधून ‘आजी, तुझं वय बसत नाही’ असं सांगितलं होतं. नातवाला मिळालेली बातमी खोटी नव्हती. चांगल्या वर्तमानपत्राची होती, फक्त दहा दिवसांपूर्वीची. त्याच्या फोननं ती सगळ्यात वर दाखवली, बहुधा तोवर लाखो लोकांनी ती वाचलेली होती म्हणून. वर येतं ते बऱ्याचदा खूप बघितलेलं असतं, किंवा कुणीतरी पैसे भरून वर आणलेलं असतं. ‘प्रायोजित’ हा बारीक अक्षरांतला शब्द मी गिऱ्हाइकांना बोट ठेवून दाखवते, तेव्हा निम्म्यांना तो पहिल्यांदाच दिसतो.

त्या दिवसांत एका गोष्टीचा मला फार उपयोग झाला. महाराष्ट्र शासनाचा कुठलाही शासन निर्णय, म्हणजे आपण ज्याला जीआर म्हणतो तो, वाचताना लोक वरचा विषय आणि मधली रक्कम बघतात. मी आधी शेवटाकडे जाते. तिथे एक वाक्य असतं, की हा निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध असून त्याचा संकेतांक अमुक आहे. हा संकेतांक अठरा आकडी असतो आणि त्यातले पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. 20240628 ने सुरू झाला तर 28 जून 2024. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या जीआरमध्ये वर एक तारीख आणि संकेतांकात दुसरीच असली, की मी तिथेच थांबते. संकेतांकच नसेल तर प्रश्नच मिटला. असेल तर तो शासनाच्या जीआरच्या साइटवर टाकायचा आणि कागद तिथून उतरवून घ्यायचा. फोनवर आलेली प्रत आणि उतरवलेली प्रत शेजारी शेजारी ठेवल्या की लोकांना बाकी काही समजावून सांगावं लागत नाही. एकदा एका गावपुढाऱ्यानं पाठवलेल्या ‘जीआर’वर मुख्यमंत्र्यांचा फोटो होता. जीआरवर फोटो नसतो हो. फोटो असतो तो पोस्टरवर.

तेव्हापासून काहीही समोर आलं की मी आधी बघते ते तळाशी. कुणाची सही आहे? कुठल्या तारखेची? आणि हे चुकीचं निघालं तर जाब द्यायला कुणी बांधलेलं आहे का? ज्याला जाब द्यावा लागत नाही त्याचं म्हणणं खरं असूही शकतं, पण त्यावर पैसे किंवा जीव लावायचा नाही.

पैसे म्हटलं की आमच्या तालुक्यात जमीन आली. कर्जत-खालापूरच्या जमिनीबद्दल नेटवर जेवढं लिहिलंय तेवढं बहुतेक इथल्या भातावरही नसेल. ‘फार्महाउस प्लॉट’, ‘निसर्गाच्या कुशीत’, ‘विमानतळापासून वीस मिनिटं’. हे सगळं विकणाऱ्यानं लिहिलेलं असतं. गंमत अशी, की ‘लोधिवलीत जमीन घ्यावी का’ असं विचारलं तर येणारा लेखही त्याच्याच साइटवरचा असतो. लेखाच्या खाली सही नसते, ‘आजच बुक करा’ असतं.

एकदा डोंबिवलीचं एक जोडपं आलं. काका निवृत्त झालेले, काकूंच्या हातात रंगीत माहितीपत्रक. पाच गुंठ्यांचा प्लॉट, सातबारा तुमच्या नावावर, चौक स्टेशन पाच मिनिटांवर, लोकल लवकरच. टोकनचे पैसे अजून दिलेले नव्हते, हे नशीब. त्यांना फक्त माहितीपत्रकाची रंगीत झेरॉक्स हवी होती, मुलाला दाखवायला. मी म्हटलं, “काका, बसा. गट नंबर आहे का?” तो नव्हता. मी सांगितलं, “एजंटला फोन करून विचारा, पहिल्यांदा तेवढंच.” एजंटानं आधी ‘साइटवर या, सांगतो’ केलं. काका बँकेत नोकरी केलेले. त्यांनी आवाज चढवला, तेव्हा कुठे गट नंबर मिळाला.

मग आम्ही बसलो. माहितीपत्रकातल्या एकेका वाक्याला विचारायचं, की याचा मूळ कागद कुठे असतो?

लोकलचं मी आधी बघितलं, कारण काकूंचा जीव तिथे अडकला होता. पनवेल-कर्जत मार्ग खरा आहे. एमयूटीपी-3 या रेल्वे प्रकल्पातलं ते काम मुंबई रेल्वे विकास महामंडळ करतं. 29.6 किलोमीटर, पनवेल आणि कर्जतच्या मध्ये चिखले, मोहोपे आणि चौक ही स्टेशनं, आणि वावर्ल्याजवळ अडीच किलोमीटरहून लांब बोगदा. एवढं महामंडळाच्या कागदांत आहे. ‘लवकरच’ कधी, यावर मात्र बातम्यांत वेगवेगळ्या तारखा सापडतात. त्या तारखेप्रमाणे लावून ठेवल्या तर एकच गोष्ट दिसते, की मुदत पुढे सरकत आलीय. आणि ‘पाच मिनिटांवर’? मी गटाचं गाव नकाशावर काढलं, चौक स्टेशनपर्यंत रस्त्यानं अंतर मोजलं. पाच मिनिटं होतील, हेलिकॉप्टर असेल तर.

मग सातबारा. भूलेखच्या साइटवर कुणालाही फुकट बघता येतो, पण तो फक्त माहितीसाठी, व्यवहाराला चालत नाही. डिजिटल सहीचा पंधरा रुपयांत मिळतो. त्यावर क्यूआर कोड आणि पडताळणीचा क्रमांक असतो, म्हणजे दुसऱ्या कुणी हातात दिलेला उताराही तपासता येतो. एजंट देतो ती बहुधा व्हॉट्सअॅपवरची पीडीएफ असते. ती मी उघडतही नाही. सरळ साइटवरून नवीन काढते. पत्ता वाचताना मात्र डोळ्यांत तेल घालून. सुरुवातीचं ‘https://’ सोडून पहिल्या तिरक्या रेघेच्या लगेच आधी काय आहे ते बघायचं. तिथे डॉट जीओव्ही डॉट इन असेल तर साइट सरकारी. ‘महाभूमी’ हा शब्द पत्त्यात कुणालाही घालता येतो, शेवटचं शेपूट मात्र मागून मिळत नाही.

काकांच्या गटाचा उतारा आला. लोक नावांचा रकाना बघतात, मी ‘इतर अधिकार’ आधी वाचते. आमच्या भागात तिथे सोसायटीचा बोजा असतो, कुळाचं नाव असतं, ‘कूळ कायदा कलम 43 च्या बंधनास पात्र’ असा शेरा असतो, आदिवासी खातेदार असेल तर जमीन महसूल संहितेच्या 36 अ ची नोंद. डावीकडे ‘भोगवटादार वर्ग 2’ लिहिलेलं असेल तर ती जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही. या गटावर कलम 43 चा शेरा होता. म्हणजे कुळाला मिळालेली जमीन, विकण्यावर बंधन असलेली. ते बंधन उठल्याचा फेरफार कुठे दिसेना. ‘आपली चावडी’वर बघितलं तर त्याच गटावर एक वारस नोंद प्रलंबित. भावाभावांचं अजून मिटलेलं नसावं, हा माझा अंदाज. अंदाज हा शब्द मी मुद्दाम मोठ्यानं म्हणते. उताऱ्यावर दिसतं ते एक आणि मी त्यावरून ताडते ते दुसरं, हे गिऱ्हाइकाला वेगळं कळलं पाहिजे.

काकांनी मध्येच फोन काढला. “अहो, पण तुकडेबंदी तर उठली ना? बातमी होती.” होती, खरीच होती. जुलै 2025 मध्ये महसूलमंत्र्यांनी विधानसभेत घोषणा केली होती आणि बऱ्याच ठिकाणी मथळा ‘तुकडेबंदी कायदा रद्द’ असाच होता. मथळ्याच्या खाली उतरलं की कळतं, विषय 1 जानेवारी 2025 पर्यंत झालेल्या तुकड्यांचा आणि नागरी भागांचा. गावातल्या भातखाचराचे नवीन पाच गुंठे त्यात आपोआप बसत नाहीत. सभागृहातली घोषणा, अध्यादेश, राजपत्रात छापलेला कायदा आणि तलाठ्यापर्यंत पोचलेलं परिपत्रक, या चार वेगळ्या गोष्टी आहेत. मथळ्याला चारही सारख्याच. शिवाय ज्याच्या नावावर शेतजमीन नाही, त्याला आपल्या राज्यात कूळ कायद्याच्या कलम 63 नुसार परवानगीशिवाय शेतजमीन घेताच येत नाही, तुकडा असो की अख्खा गट. काका शेतकरी आहेत का? काकूच म्हणाल्या, “यांनी कुंडीसुद्धा लावली नाही कधी.”

राहिलं महारेरा. ठरावीक मर्यादेपेक्षा मोठा प्रकल्प असेल, प्लॉटिंगही, तर नोंदणी हवी, आणि 1 ऑगस्ट 2023 पासून जाहिरातीवर क्यूआर कोड छापणं सक्तीचं आहे. या माहितीपत्रकावर क्यूआर कोड होता. काका खूश झाले. मी स्कॅन केला. एजंटाच्या इन्स्टाग्रामवर गेला.

हे सगळं करूनही शेवटी मी त्यांना गावात पाठवलं. माथेरानचं इको सेन्सिटिव्ह झोन 4 फेब्रुवारी 2003 ला जाहीर झालं, 214.73 चौरस किलोमीटरचं. त्यात खालापूर-कर्जतची गावं आहेत आणि यादी नेटवर मिळते. पण या गटाकडे जायला रस्ता कुणाच्या शेतातून जातो आणि तो शेतकरी पावसाळ्यात बांध घालतो का, हे कुठल्याच साइटवर नसतं. “शेजारच्या गटवाल्याला चहा पाजा,” म्हटलं. त्यांनी पाजला. प्लॉट घेतला नाही. माझ्या हिशोबात त्या दिवशी एक डिजिटल सातबारा आणि दोन झेरॉक्स एवढीच नोंद आहे.

कस्टमर केअरच्या नंबरांबद्दल फार लिहीत नाही, सगळ्यांना आता माहीत झालंय. बँकेचा, गॅसचा, कुरिअरचा नंबर गुगलवर शोधायचा नाही. कार्डाच्या मागे, पासबुकावर, बिलावर छापलेला असतो तोच लावायचा. पैसे गेलेच तर आधी सायबर फसवणुकीची हेल्पलाइन 1930, मग रडणं. मिनिटं मोलाची असतात, पैसे पुढच्या खात्यात पोचायच्या आत थांबवता आले तर येतात.

इर्शाळवाडीचं मात्र वेगळं सांगावंसं वाटतं. 19 जुलै 2023 च्या रात्री चौकच्या मागे, इर्शाळगडाच्या अंगाला असलेल्या त्या ठाकर वाडीवर दरड आली. पाऊस थांबत नव्हता, वर गाडीरस्ता नव्हता, यंत्रं चढत नव्हती. सकाळी दुकान उघडलं ते फॉर्मसाठी नव्हेच. पनवेलला मजुरीला असलेला एक तरुण आला, वाडीत त्याची आत्या. त्याच्या फोनची बॅटरी संपत आलेली. त्याला माझ्या कॉम्प्युटरवर ‘बघायचं’ होतं. बघितलं तर आकडा दर तासाला बदलत होता. सकाळी चार, संध्याकाळी सोळा. वेगवेगळ्या चॅनेलांवर वेगवेगळा, आणि तरी कुणी खोटं बोलत नव्हतं. ज्यानं ज्या वेळी विचारलं त्या वेळचा तो आकडा. चार दिवसांनी शोध थांबला तेव्हा 27 मृतदेह मिळालेले आणि 57 जण बेपत्ता. आजही शोधलं तर 16 लिहिलेलं पान सापडतं, 27 लिहिलेलं सापडतं आणि 84 धरणारंही सापडतं. शाळेच्या प्रकल्पासाठी मुलं येतात तेव्हा मी त्यांना ही तिन्ही पानं उघडून देते आणि तारखा लिहायला लावते.

त्या तरुणाला आकडा नकोच होता, नाव हवं होतं. ते नेटवर नव्हतं. त्याच वेळी त्याच्या भाच्यानं एक व्हिडिओ पाठवला, ‘बघ मामा, आपली वाडी’. चिखल, पत्रे, ओरडणारी माणसं. मी त्यातला एक क्षण थांबवून त्याचं चित्र शोधाला लावलं. 2021 च्या पानांवर सापडलं, महाडजवळच्या तळियेच्या दरडीचं. त्याला हे सांगताना मला बरं वाटलं असं नाही. माणसं तीही मेलेलीच होती. मग पायथ्याशी नानिवलीला गेलेल्या ओळखीच्या एका मुलाला फोन लावला. तिथे सरकारी माणसं वाडीतल्या लोकांची यादी घेऊन बसली होती, आणि खाली आलेल्या प्रत्येकाला विचारून खुणा करत होती. त्या दिवशी भरवशाचं काही असेल तर ती भिजलेली यादी. आत्याचं नाव तिच्यात होतं, पुढे खूण नव्हती. तो तसाच बाहेर पडला, पावसात, चौकच्या दिशेनं.

नंतर एक गोष्ट पुढे आली, ती मला अजून टोचते. दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत इर्शाळवाडी नव्हतीच. हे सरकारनंच विधानसभेत सांगितलं. मी एवढं सही, तारीख, डॉट जीओव्ही डॉट इन करते, पण सही असलेल्या यादीतही नसलेली वाडी असते. यादीत नाव असेल तर ते धरायचं. नसेल तर त्याचा अर्थ ‘धोका नाही’ असा लावायचा नाही, ‘कुणी बघायला आलं नाही’ असाही असू शकतो. वाडीतल्या म्हाताऱ्यांना डोंगराचं काय वाटत होतं, हे कुणी कुठे लिहून ठेवलं असतं तर मी ते कुठल्या शब्दांनी शोधलं असतं, कोण जाणे.

हल्ली शोधलं की सगळ्यात वर एआयचं तयार उत्तर येतं, छान मराठीत. लोकांना ते आवडतं. मला त्यात एकच अडचण दिसते, की ते कधी चाचरत नाही. तलाठीसुद्धा ‘बघून सांगतो’ म्हणतो. त्या उत्तराच्या बाजूला दुव्यांची बारीक खूण असते, मी तिच्यावर टिचकी मारून मूळ पानावर जाते. विंचवाच्या बाबतीत मी असंच मुळापर्यंत गेले नसते तर एक मोठी गोष्ट माझ्या हाती लागली नसती.

आमच्याकडे लाल विंचू आहे. दगड उचलताना, पेंढा काढताना चावतो. एका वाडीतल्या बाईंच्या मुलाला चावला, तो बरा झाला, आणि त्यानंतर त्या विचारायला आल्या, पुन्हा झालं तर काय करायचं. मराठीत शोधलं. चिंचोका घासून लावा, कांदा लावा, मंत्र म्हणा. पानांमागून पानं, एकानं दुसऱ्याचं उतरवलेलं, अगदी शुद्धलेखनाच्या चुकांसकट. मग इंग्रजीत शोधलं, आणि पहिल्या काही पानांतच नाव आलं ते महाडचं. डॉ. हिंमतराव बावस्कर. आपल्याच जिल्ह्यात काम करणारे. 1976 मध्ये बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले, विंचूदंशानं माणसं मरताना पाहिली, प्रत्येकाची टिपणं ठेवली, आणि 1982 पासून ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकात लिहू लागले. रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध त्यांनी विंचूदंशावर वापरलं. पूर्वी गंभीर रुग्णांत शंभरातले पंचवीस-तीस दगावायचे, ते प्रमाण एक-दोनांवर आलं. 2011 मध्ये ‘बीएमजे’त त्यांचा अभ्यास छापून आला, प्राझोसिनसोबत विंचवाचं प्रतिविष दिलं तर रुग्ण आणखी लवकर सावरतो का, यावर. तो फुकट वाचता येतो. किती रुग्ण, कुणाला काय दिलं, किती तासांनी बरे झाले, सगळं मांडलेलं. ज्याला शंका असेल त्याला चूक काढता यावी, असं लिहिलेलं. चिंचोक्याच्या पानावर असं काही नव्हतं. किती जणांना लावला, किती वाचले?

आमच्याच जिल्ह्यात राहिलेल्या माणसानं आयुष्य घालून काढलेलं उत्तर, आणि आमच्या वाडीतल्या बाईला ते तिच्या भाषेत शोधून सापडत नाही. मला राग आला, कुणाचा ते सांगता येत नाही. मग मीच एक पान मराठीत टाइप केलं. घाम, उलटी, हातपाय गार पडणं ही धोक्याची लक्षणं. चिरायचं नाही, बांधायचं नाही, वेळ घालवायचा नाही, 108 ला फोन. खाली प्राझोसिनची माहिती, मात्रेसकट. मोठ्या अक्षरांत छापलं, लॅमिनेट केलं आणि आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईंना दिलं, वाड्यांत लावायला.

त्यांनी वाचलं. मग उलटवून मागची बाजू बघितली. ती कोरी होती. “कुठनं घेतलंत हे?” त्यांनी विचारलं. मी सांगितलं. “मग ते लिवलं का नाय हितं?” आणि मात्रेच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, “ही काढा. लोकं मेडिकलमधनं गोळ्या आणून पोरांना देतील. आधी डॉक्टरांना दाखवते.” पान आठवड्यानं परत आलं. मात्रेची ओळ खोडलेली, दोन लक्षणं वाढवलेली, खाली दवाखान्याच्या डॉक्टरांची सही, शिक्का आणि तारीख. नव्यानं छापून मी दहा प्रती लॅमिनेट केल्या. त्यांचे पैसे आशाताईंनी विचारले, मी घेतले नाहीत. मग त्या म्हणाल्या की सापाचंही असंच एक पान करा, पण ह्या वेळी टाइप करायच्या आधी डॉक्टरांकडे जाऊ.